रोज एकमेकांचे स्टेटस बघूनही जुनी मैत्री का विरत जाते?

कारण स्टेटस बघून तुम्हाला मित्राची खबरबात कळते, पण तुम्हाला त्याची आठवण आहे हे त्याला कळत नाही. उलट फोटो रोज दिसत असल्याने बोलणं झाल्यासारखंच वाटतं आणि फोन राहून जातो. मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट या संशोधकांच्या, फेसबुक वापरणाऱ्यांवरच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: जवळच्या माणसाने आपल्यासाठी मुद्दाम लिहिलेल्या शब्दांनी लोकांना बरं वाटलं, नुसत्या लाईकने किंवा सगळ्यांसाठी टाकलेल्या पोस्टने तसा फरक पडला नाही. (बर्क तेव्हा फेसबुकच्याच संशोधक होत्या, हे लक्षात ठेवून वाचा, पण मला निष्कर्ष पटतो.) त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, मानसशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार यांच्या ब्रिटनमधल्या पाहणीत फेसबुकच्या यादीत सरासरी १५० च्या आसपास मित्र निघाले आणि अडचणीत हाक मारावी असे जेमतेम ४.

म्हणून मित्राच्या वाढदिवसाला ग्रुपवर पन्नास जणांच्या केकच्या इमोजींमध्ये आपला एक केक टाकण्याऐवजी त्यालाच वेगळा मेसेज करा: ‘आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं ना, आता चालतात का?’ एवढं पुरतं. उत्तर उशिरा आलं तरी मनाला लावून घेऊ नका.

मात्र हे जवळच्या मैत्रीबद्दल. शाळेतले ओळखीचे, जुन्या नोकरीतले सहकारी अशी सैल नाती लाईकवरही वर्षानुवर्षं तग धरतात, आणि एरवी ती केव्हाच तुटली असती.