आजोबांच्या ट्रंकेतलं बक्कल: वाचकांची प्रश्नोत्तरं

प्रश्न (कोथरूड): आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. ट्रंकेत गरुड आणि स्वस्तिक असलेलं जर्मन बक्कल सापडलंय. टाकून द्यावं का? ठेवलं तर ब्रासोने चकचकीत करू का?

टाकू नका हो! आणि ब्रासोचं नावही काढू नका. गरुडाच्या वर 'गॉट मिट उन्स' (म्हणजे 'देव आमच्यासोबत') असं गोलाकार लिहिलेलं असेल तर ते जर्मन भूसेनेतल्या साध्या शिपायाचं. १९४४-४५ मध्ये आपले मराठे तिकडेच होते, यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या आणि नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या लढाईतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच. कैद्यांचे पट्टे, बिल्ले जवान ठेवून घ्यायचे, बक्कल तर खिशात मावतं. युद्धाच्या मधल्या-शेवटच्या काळातली बहुतेक स्टीलची, त्यावरचा करडा-हिरवा रंग टिकला असेल तर तोच खरा ऐवज आणि तुम्ही नेमका तोच घासून काढणार! मागे चामड्याची जीभ असेल तर उजेडात तिरकी धरून बघा, कारखान्याचं नाव आणि साल उमटलेलं असू शकतं. आणि आजोबांचं डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) त्याच्यासोबतच ठेवा, कारण त्याच्याशिवाय हे बक्कल कोणाचंही असू शकतं.

प्रश्न (खडकी): जुन्या बाजारात तसलंच बक्कल मिळालं, विकणारा ओरिजिनल म्हणतो.

म्हणणारच ना. उलटं करून बघा. स्टीलचं अस्सल बक्कल पत्र्यावर ठशाने दाबलेलं असतं, त्यामुळे मागे नक्षीचा खोलगट उलटा आकार दिसतो. मागे सपाट, जड, ओतीव वाटलं तर स्टीलच्या अस्सल बकलाचे पैसे देऊ नका. रविवारच्या गर्दीत घाई करू नका एवढंच.

प्रश्न (हडपसर): वडिलांचा लोकरी कोट पावसाळ्यात खराब होतो, कसर लागते.

प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधी बाहेर काढा, आत दमट होऊन बुरशी येते. कोरडं ऊन पडलं की सावलीत वारा द्या, ब्रशने शिवणी आणि कॉलरची आतली बाजू झटका (कसरीची अंडी तिथेच असतात), मग धुतलेल्या बिनखळीच्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडाला टेकू देऊ नका. पितळी बटणांखाली जाड कागद सरकवा, नाहीतर हिरवा डाग पडतो तो जात नाही.

प्रश्न (तिथूनच): त्याच कोटाच्या खिशात दोन काडतुसं निघाली.

ठोकू नका, घासू नका, मुलांपासून लांब ठेवा आणि जवळच्या पोलीस स्टेशनला कळवा. स्वतः खिशात घालून नेऊ नका. जिवंत काडतूस विनापरवाना ठेवणं हा गुन्हाच आहे, आठवण असली तरी.