सांताक्रूझच्या डोंगरात घर घ्यायचंय, पण 'रेड फ्लॅग वॉर्निंग' आली की करायचं काय?

तुम्ही विचारलंय की सिलिकॉन व्हॅलीतलं सनीव्हेल सोडून कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ डोंगरातल्या बोल्डर क्रीक किंवा बेन लोमंडकडे घर घ्यायचा विचार आहे, आई-बाबा दरवर्षी सहा महिने राहायला येतात, आणि तिकडे सारखे वणव्याचे इशारे येतात तेव्हा लोक नक्की करतात काय. मी तिथेच जवळ फेल्टनला राहतो, २०२० च्या आगीतही इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थोडक्यात हवं असेल तर हे घ्या: रेड फ्लॅगच्या दिवशी तुम्हाला करायला जितकं कमी काम उरलेलं असेल, तितकी तुमची तयारी चांगली.

हा इशारा हवामान खात्याचा असतो, नॅशनल वेदर सर्व्हिसचा. आपल्या भागाचं त्यांचं कार्यालय मॉंटेरेला आहे. तो येतो तेव्हा बहुधा कुठेही आग लागलेली नसते. हवा कोरडी, वारा जोराचा, रानातला झाडोरा वाळून खडखडीत झालेला, अशात ठिणगी पडली तर आग आवरणार नाही, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. त्याच्या एक ते तीन दिवस आधी साधारणपणे 'फायर वेदर वॉच' येतो. बाजारहाट, पेट्रोल, औषधं हे सगळं वॉचवर उरकायचं. 'इव्हॅक्युएशन वॉर्निंग', म्हणजे घर सोडायच्या तयारीत राहण्याचा इशारा, हे प्रकरण वेगळं. ती खऱ्या आगीसाठी असते आणि ती आली की म्हातारी माणसं, लहान मुलं, जनावरं यांना घेऊन निघायचंच. 'ऑर्डर'ची, म्हणजे घर सोडण्याच्या हुकमाची, वाट बघत बसू नका. ऑर्डर आली की रस्त्यावर सगळं खोरं एकदम उतरतं, आणि एकदा बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत.

नवीन माणूस फसतो तो धुक्याला. उन्हाळ्यात सांताक्रूझच्या किनाऱ्यावर जॅकेट घालून फिरावं लागतं, सगळं ओलं-ओलं, आग वगैरे खोटं वाटतं. पण समुद्रावरून आलेली ती गार हवा खालीच दबून राहते आणि तिच्यावर गरम, कोरड्या हवेचं झाकण बसतं. खाली धुकं असताना दोन हजार फुटांवरच्या माथ्यावर रात्री अकरालाही पानं कुरकुरीत असतात. म्हणून फोनवर 'सांताक्रूझ' टाकून दिसणारं हवामान डोंगरातल्या माणसाच्या काही कामाचं नाही. माथ्यावरच्या हवामान केंद्रांची आर्द्रता बघायची, तीही रात्रीची. एरवी रात्री आर्द्रता चढते आणि झाडोरा थोडा ओल धरतो. ती चढलीच नाही, तर दुसरा दिवस वाईट.

दुसरा प्रकार 'डायब्लो' वाऱ्यांचा. नेवाडाकडच्या उंच पठारावर हवेचा दाब वाढला की हवा तिथून समुद्राकडे वाहायला लागते, आणि उतरता उतरता तापते, सुकते. म्हणजे रोजच्या वाऱ्याच्या बरोब्बर उलटी दिशा. याचा जोर रात्री आणि पहाटे, डोंगरमाथ्यावर. आणि दिवस कोणते, तर सप्टेंबर ते नोव्हेंबर. आपल्याकडे दसरा-दिवाळीला रान हिरवं असतं. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे दिवाळीपर्यंत चार-पाच महिने थेंब नसतो. रेड फ्लॅग असला की आमच्या घरी अंगणात बॅटरीच्या पणत्या लागतात, फुलबाज्या बंद. शेजारी काही बोलत नाहीत, पण लक्ष सगळ्यांचं असतं.

सह्याद्रीतला वणवा डोळ्यांपुढे आणून इथला अंदाज बांधू नका. तिकडे बहुतेक वेळा वाळलं गवत जळत जातं आणि माणसं हिरव्या फांद्यांनी झोडपून ते विझवतात. इथे आग शेंड्यांवर चढते आणि निखारे वाऱ्यावर मैलभर पुढे जाऊन पडतात. २०२० साली १६ ऑगस्टच्या पहाटे पाऊस जवळजवळ नसलेल्या विजा कोसळल्या, ठिकठिकाणी छोट्या आगी लागल्या. दोन दिवस त्या तशा लांबच वाटत होत्या. १८ तारखेच्या रात्री वाऱ्याने त्या एकत्र केल्या आणि बिग बेसिनचं, कॅलिफोर्नियातल्या सगळ्यात जुन्या राज्य उद्यानाचं, मुख्यालय जळून गेलं. या आगीचं नाव सीझेडयू लायटनिंग कॉम्प्लेक्स. ८६ हजारांवर एकर जमीन, सांताक्रूझ काउंटीतली ९०० च्या वर घरं, आणि सुमारे ७७ हजार लोक घराबाहेर. त्या आठवड्यात राज्यभर शेकडो आगी एकदम पेटल्या होत्या, त्यामुळे सुरुवातीला इथे बंब आणि माणसं फारच कमी होती. 'आग लागली तर बंब येईल' हे शहरातलं गणित इथे धरून चालू नका.

घर बहुतेकदा जळतं ते निखाऱ्यांनी. ज्वाळांची भिंत अंगावर यायलाच हवी असं नाही; पन्हळीत साठलेल्या रेडवुडच्या वाळक्या पानांत एक निखारा पुरतो. कायद्याने घराभोवती १०० फूट, किंवा तुमच्या हद्दीपर्यंत, झाडोरा आटोक्यात ठेवावाच लागतो, पण माझ्या मते पैसा आणि घाम आधी भिंतीलगतच्या पाच फुटांत घालावा. तिथे लाकडाचा भुसा नको, झुडपं नकोत, जळाऊ लाकडाची रास नको. पोटमाळ्याच्या आणि घराखालच्या झडपांना एक अष्टमांश इंचाची धातूची जाळी बसवा. डेकच्या फळ्यांच्या फटीत पानं अडकतात, ती चाकूने उकरून काढावी लागतात; कंटाळवाणं काम आहे. लाकडी कुंपण थेट भिंतीला टेकलेलं असेल तर शेवटचा भाग तोडून तिथे लोखंडी फाटक लावा. दारातलं काथ्याचं पायपुसणं रेड फ्लॅगच्या दिवशी आत घ्या.

त्या दिवशी बाकी करायचं ते एवढंच: गाडी रस्त्याकडे तोंड करून लावायची, पेट्रोल भरलेलं किंवा चार्जिंग झालेलं, बॅगा दाराशी, फोन रात्री आवाज चालू ठेवून उशाशी. गवत कापायचं यंत्र बंद, कारण पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. काउंटीच्या 'क्रूझअवेअर' या इशारे पाठवणाऱ्या सेवेवर नाव नोंदवा, 'जेनासिस प्रोटेक्ट'च्या नकाशावर आपल्या घराचा झोन शोधून तो फ्रिजवर लिहून ठेवा, कारण रिकामं करण्याचे आदेश झोनच्या नावाने येतात. 'वॉच ड्युटी' हे आगींची ताजी माहिती देणारं अ‍ॅप इथे जवळजवळ सगळ्यांच्या फोनवर आहे.

आणि वीज जाईल हे धरून चाला. वाऱ्यात तारांमुळे आग लागू नये म्हणून वीज कंपनी मुद्दाम पुरवठा तोडते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर अर्धा बे एरिया अंधारात असल्यासारखं वाटत होतं. वीज गेली की इंटरनेट जातं, काही तासांत मोबाइलचा टॉवरही मान टाकू शकतो, विहिरीचा पंप थांबतो. म्हणजे इशारा ज्या फोनवर यायचा तोच मुका. बॅटरीवरचा रेडिओ ठेवा, आणि दोन शेजाऱ्यांशी ठरवून ठेवा की कोण कुणाचं दार ठोठावणार. गॅरेजचं दार हाताने उघडायची लाल दोरी घरातल्या प्रत्येकाने एकदा ओढून बघितलेली असू दे. जुनं दार फार जड असतं.

आई-बाबांचं जरा वेगळं बघावं लागेल. तुम्ही दोघं दिवसा हायवे १७ च्या पलीकडे ऑफिसात असणार आणि ते घरी, गाडीशिवाय. आग दुपारी लागली तर रस्ता वर येणाऱ्यांना बंद होतो, तुम्ही त्यांच्यापर्यंत पोचू शकणार नाही. म्हणून रेड फ्लॅगच्या दिवशी तुमच्यापैकी एकाने घरून काम करावं, किंवा त्यांना सकाळीच खाली कुणाकडे तरी सोडावं. मित्राकडे जेवायला नेलं म्हणा, त्यांनाही बरं वाटतं. त्यांचे पासपोर्ट बॅगेत हवेतच. भारतातून सहा महिन्यांची औषधं आणलेली असतात, त्यांची मूळ औषधाच्या नावासकट यादी करा. आपल्याकडची ब्रँडची नावं इथल्या फार्मसीत कुणाला कळत नाहीत.

घर विकत घेण्याबद्दल दोन गोष्टी, कारण एजंट त्या शेवटी सांगतात. एक, विमा. आमच्या विमा कंपनीने काही वर्षांपूर्वी नूतनीकरण नाकारलं आणि आम्ही 'फेअर प्लॅन'वर, म्हणजे दुसरीकडे विमा न मिळणाऱ्यांसाठीच्या शेवटच्या पर्यायावर, आलो. तो मुख्यतः आगीपुरता असतो, चोरी आणि पाइप फुटणं यांसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि दोन्ही मिळून आकडा चांगलाच टोचतो. ऑफर देण्याआधी त्याच पत्त्याचा विमा किती पडेल ते लेखी मागून घ्या. दोन, पाणी. २०२० मध्ये प्लास्टिकचे जलवाहिनीचे पाइप वितळले आणि काही भागात पाण्यात बेंझीन सापडलं. तिथल्या लोकांना ते पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. घराला पाणी कुठून येतं, टाकी केवढी आहे, विचारा.

आणि रस्ता बघा. बोल्डर क्रीकमधून बाहेर पडायला हायवे ९ खाली फेल्टनकडे, किंवा वर साराटोगाच्या बाजूला, नाहीतर बेअर क्रीक रोडने हायवे १७ ला. तिन्ही अरुंद, वळणांचे, झाडांखालचे. घर आवडलं तर ते बघून झाल्यावर संध्याकाळपर्यंत तिथेच थांबा आणि अंधार पडल्यावर बेअर क्रीक रोडने परत या. आईला सोबत न्या. घर घ्यायचं की नाही यावरचं तिचं मत लेक्सिंग्टन तलाव यायच्या आत कळेल.