घोड्यावर बसलं की खांदे कानाला लागतात, मान आखडते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपासून रायडिंग शिकताय, वय चौतीस, साध्या चालीत सगळं जमतं पण दुडकी (इंग्रजीत ट्रॉट) सुरू झाली की खांदे वर चढतात, उतरल्यावर मान दगड झालेली असते आणि सर नुसते ओरडतात "खांदे सोड, खांदे सोड". भाऊ, ही माझीच गोष्ट आहे, फरक इतकाच की माझ्यावर ओरडणारा माणूस अहिराणीत ओरडायचा.

मी शहाद्याकडचा. जिनिंगमध्ये हिशेब बघतो, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान घालून बसायचं आणि येता-जाता बाइक. सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो तो लहानपणापासून बघत आलोय, आमच्या काकांनी तिथूनच एक मारवाडी घोडी घेतली होती, रेवाल चालीची. रेवाल म्हणजे काय ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल, घोडी जोरात चालते पण वर बसणारा हलत नाही, विकणारे तर पाण्याचा भरलेला पेला हातात धरून दाखवतात. दोन वर्षं मी तिच्यावर फिरलो आणि गावातले लोक काय मस्त बसतो म्हणायचे, मलाही तसंच वाटायचं. खरं म्हणजे ती चालच इतकी गुळगुळीत की माझ्या बसण्यातल्या सगळ्या चुका झाकल्या जायच्या. पुढे ओळखीतल्या एका म्हाताऱ्या घोडेवाल्याकडे दुडकी चालणाऱ्या घोड्यावर बसलो आणि पहिल्याच चकरीत भांडं फुटलं. दुडकीत पुढचा एक आणि विरुद्ध बाजूचा मागचा एक असे तिरके दोन पाय एकदम उचलले जातात, मग दुसरे दोन, मधे क्षणभर चारही हवेत, म्हणजे दर पावलाला खालून एक धक्का. तो धक्का माझ्या कमरेत जिरेना, तो सरळ वर खांद्यात. बाबा (आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो) बाजूला उभे राहून म्हणाले, "घोडाना तोंडले काब्र लटकी ऱ्हायना रे भो?" घोड्याच्या तोंडाला का लटकतोयस.

आता मुद्दा. खांदे सैल करायला खांद्यांच्या मागे लागू नका. आपल्याकडे घोड्यावर बसण्याला मांड म्हणतात, मांड पक्की पाहिजे म्हणतात, आणि मी त्याचा अर्थ लावला होता मांड्या आवळून धरायच्या. तिथेच घोळ होतो. आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या गुडघ्यांमधे एक उशी धरा आणि जोर लावून दाबा. दहा सेकंदांत बघा, श्वास अडकलेला असेल, जबडा आवळलेला आणि खांदे थोडेसे वर. घोड्यावर हेच होतं, गुडघा आवळला की खुबा बंद होतो, बूड खोगिरावरून वर उचललं जातं, तोल जातोय असं वाटलं की हात लगामाला धरतात, लगाम ओढला की घोडा मान झटकतो, त्याने आपण अजून आखडतो. खांदा हा या साखळीतला शेवटचा गडी, शिव्या मात्र त्यालाच.

म्हणून सुरुवात खालून. घोडा उभा असताना रिकिबीतून (पाय अडकवायच्या कडीतून) पाय काढा आणि दोन्ही पाय नुसते लोंबू द्या, बुडाखाली दोन हाडं टोचतात ती शोधा, दोन्हींवर सारखं वजन आलं पाहिजे. मग बाजूने कोणाला तरी मोबाईलवर फोटो काढायला सांगा. कान, खांदा, खुबा, टाच हे चारही एका उभ्या रेषेत हवेत. आपल्याकडचे बरेच जण पाय पुढे टाकून खुर्चीत बसल्यासारखे बसतात, रेवाल चालीला ते खपून जातं, दुडकीत मात्र शरीर मागे पडतं आणि मग लगामाला धरूनच सावरावं लागतं. रिकिबीची लांबी पण बघा, बोटं रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या बकलाला लावून हात सरळ केला की रिकीब काखेपर्यंत यावी, हा ढोबळ हिशेब, नंतर एखादं भोक इकडे तिकडे. फार आखूड असेल तर गुडघा आपोआप आवळला जातो, मग कितीही खांदे सोडा.

"छाती बाहेर, खांदे मागे" हा सल्ला तर मला अजिबात पटत नाही. तसं केलं की कंबर आत वळते आणि पाठ फळीसारखी होते, धक्का कुठेच जिरत नाही. त्यापेक्षा जमिनीवर उभं राहून अर्ध्या भरलेल्या दोन बादल्या दोन्ही हातात धरा, खांदे खाली ओढले जातील, मान लांब होईल, मग बादल्या ठेवा आणि ती जागा लक्षात ठेवा. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन चालणाऱ्या बाया बघा, मान सरळ, नजर पुढे, खांदे एकदम मोकळे, कुठल्या क्लासला जातात त्या? नजर महत्त्वाची आहे, डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं आणि घोड्याच्या कानाकडे खाली बघत बसलात की ते सगळं मानेच्या मागच्या स्नायूंवर येतं.

घोड्यावर मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो लांब दोरीवर चालण्याचा. सरांना सांगा घोडा दोरीवर गोल फिरवा आणि तुमच्या हातात लगाम नको, शांत घोडा असेल तरच आणि हेल्मेट घालूनच. आधी साधी चाल, खांदे मुद्दाम कानापर्यंत न्या आणि श्वास सोडत धपकन पाडा, पाच-सहा वेळा, मग एकेक हात मागून गोल फिरवा. नंतर दुडकी, आणि दुडकीत मोठ्याने बोला. बाबा मला गाणं म्हणायला लावायचे, लाज वाटायची, पण गाताना श्वास रोखता येत नाही आणि श्वास चालू असला की खांद्याला वर जायला कारण राहत नाही. गाणं नको असेल तर पावलं मोजा, मोठ्याने.

लगाम हातात आल्यावर कोपर वाकलेलं आणि बरगडीजवळ, कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत सरळ रेषा. मारवाडी घोडा मान उंच धरतो त्यामुळे हातही थोडे वर येतात, ते चालतं, फक्त कोपर सरळ करून हात काठीसारखे धरू नका. आणि एक, घोडा वरातीतला असेल तर सावध. नाचायला शिकवलेल्या घोड्यांना लगाम घट्ट ठेवायची सवय लावलेली असते, काहींच्या तोंडात काटेरी लगाम असतो, त्याला प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे तरी दिसतो. तसल्या घोड्यावर बसून तुमचे खांदे सैल होणार नाहीत, ती चूक तुमची नाही.

घरी काय करायचं तर फार काही नाही. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून एक पाऊल पुढे, छाती ताणली जाते, तीस सेकंद. पायरीच्या काठावर चवडे ठेवून टाचा खाली सोडायच्या, कारण टाच खाली जात नसेल तर गुडघा वर येतो. आणि जातं दळतो तसं बसून कंबर गोल फिरवायची, योगात त्याला चक्कीचालनासन म्हणतात, खुबे मोकळे होतात. मी ऑफिसात दर तासाला उठतो, याने जितका फरक पडला तितका बाकी कशाने नाही. मात्र बोटांना मुंग्या येत असतील किंवा दुखणं मानेतून हातात उतरत असेल तर हे सगळं थांबवा आणि आधी डॉक्टरला दाखवा.

माझा उजवा खांदा अजूनही वर जातो, रोजची बाइक आणि माउस, दुसरं काय. मला कळतही नाही, घोडी सरळ चालता चालता एका बाजूला सरकायला लागली की समजायचं, श्वास सोडायचा, गुडघा ढिला करायचा, की परत लाइनवर येते.