सिगार वेष्टनासकट ठेवावेत की काढून? आणि पावसाळ्यातले इतर प्रश्न

पाऊस लागला की पत्रांतून तोच गोंधळ परत येतो. त्याचं कारण एकच. सिगार कसे ठेवावेत याविषयी वाचायला मिळणारा बहुतेक सल्ला थंड, कोरड्या देशांतल्या घरांसाठी लिहिलेला असतो. तिथे सिगार वाळतो, गोव्यात तो सादळतो. तिकडचे उपाय इथे जसेच्या तसे केले की माल हातचा जातो.

सिगारवरचं पारदर्शक वेष्टन काढून ठेवावं का? आत सिगारचा श्वास कोंडतो असं ऐकलं. (पणजी)

काढू नका. ते साधं प्लॅस्टिक नसतं. सेलोफेन लाकडाच्या लगद्यापासून बनतं आणि त्यातून ओलावा हळूहळू आत-बाहेर होत राहतो, त्यामुळे श्वास कोंडण्याची गोष्ट ऐकीव आहे. उलट एका सिगारला बुरशी किंवा कीड लागली तर शेजारच्यांना थोडी तरी आड राहते. काही वर्षांनी वेष्टन पिवळं-तपकिरी पडतं, ते तंबाखूच्या तेलामुळे.

अ‍ॅल्युमिनियमच्या नळीतल्या सिगारचं काय? (मडगाव)

नळीतच ठेवा. आतून दव धरलेलं दिसलं तर मात्र लगेच बाहेर काढा आणि जिथून घेतला तिथे दाखवा.

नवा लाकडी ह्युमिडॉर (सिगारसाठी ओलावा राखणारी पेटी) घेतला. दुकानदाराने दर आठवड्याला स्पंजात पाणी घालायला सांगितलं. पेटीतल्या आर्द्रतामापकाचा काटा ६८ दाखवतो, तरी सिगार मऊ लागतात आणि त्यांवर पांढरे ठिपके आलेत. दुकानदार म्हणतो, ही मुरलेल्या सिगारची खूण. (म्हापसा)

आजपासून पाणी बंद करा. याच एका सल्ल्याने गोव्यात सर्वांत जास्त सिगार खराब होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. जुलैत आपल्याकडची हवा कित्येक दिवस ८५च्या वरच असते. लाकडी पेटीचं झाकण कितीही घट्ट बसलं तरी ती हवा आत शिरतेच. स्पंजला फक्त ओलावा सोडता येतो, जादा ओलावा शोषून घेता येत नाही. म्हणजे बाहेरून दमट हवा आणि आतून तुमचं पाणी, दोन्ही एकाच बाजूला ओढतात. इथे हवीत ती ओलावा सोडणारी आणि शोषणारीही पाकिटं. त्यांवर ६२, ६५, ६९ असे आकडे छापलेले असतात. गोव्यासाठी ६५चं घ्या. पंचवीसेक सिगारना ६० ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. पावसाळ्याचे चार महिने लाकडी पेटीपेक्षा रबरी कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा बरा. सिगार त्यांच्या मूळ लाकडी पेटीसकट त्यात ठेवा. डबा बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, त्या भिंती पावसात पाझरतात. घराच्या मधल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवा.

तुमच्या काट्यावर माझा विश्वास नाही. पेटीसोबत येणारे काट्याचे मापक बरेचदा चुकतात. घरीच तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार थेंब पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं राहिलं पाहिजे. ते बूच आणि मापक एका बंद पिशवीत दिवसभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ६० आला तर तुमचं मापक १५ने कमी दाखवतं, आणि ६८ म्हणजे खरे ८३.

आता पांढरे ठिपके. ‘मुरल्याची खूण’ हे खराब माल खपवायचं वाक्य आहे. ठिपके लवदार असतील, हिरवट-निळसर झाक असेल, ओलसर वास येत असेल, तर ती बुरशीच. शंका असली तरी बुरशी समजूनच वागा. पेटवायच्या टोकाशी, आतल्या पानांत दिसली तर तो सिगार फेकून द्या. नुसती वर असेल तर असे सिगार वेगळे काढा आणि विकणारा सोडून दुसऱ्या जाणकाराला दाखवा. तोवर पुसून ओढू नका. घरात कुणाला दमा असेल तर त्यांनी ती पेटी हाताळूही नये, डॉक्टरांना विचारावं.

फ्रिजमध्ये ठेवले तर? (फोंडा)

नको. फ्रिजची हवा सिगार सुकवते, आणि आतल्या बांगड्याचा वास तंबाखूत कायमचा बसतो. वाईनचं कपाट चालतं, पण लाईट गेली की त्यात दव धरतं. घेण्याआधी कुणाशी तरी बोला.

सिगारांना टाचणीएवढी भोकं दिसताहेत. महिना झाला, अजून वाढतील का? (साखळी)

वाढलीच असतील. महिनाभर वाट का पाहिलीत? हा तंबाखूचा भुंगेरा, दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस. खोलीचं तापमान २४ अंशांच्या वर राहिलं की त्याची अंडी फुटायचा धोका वाढतो, आणि आपल्या घरांत ते बहुतेक वर्षभर वरच असतं. हाच किडा हळद, धणे, सुक्या मिरच्यांतही होतो, म्हणून सिगारची पेटी मसाल्याच्या डब्यांजवळ कधी ठेवू नये.

भोक पडलेले सिगार आजच फेका. बाकीचे दुहेरी झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस ठेवा. मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. पिशवी मधे उघडायची नाही. एकदम गरम हवेत आणलेत तर वरचं पान तडकतं. महागडी पेटी असेल तर हे करण्याआधी मला फोटो पाठवा.

किनाऱ्यावरून स्वस्तात क्युबन कोहिबा (महागड्या ब्रँडचे सिगार) मिळाले, काचेच्या झाकणाच्या पेटीत. कसे ठेवू? (वास्को)

काचेच्या झाकणाच्या पेटीत अस्सल कोहिबा येत नाहीत. ते नकली आहेत. चांगल्या सिगारांजवळ ठेवू नका, कीड तिथूनच येते.

ह्युमिडॉरमध्ये थोडी फेणी घातली तर चव सुधारते का? (पेडणे)

नाही. पेटीचं लाकूड मात्र बिघडतं.

जुना मुरलेला सिगार तब्येतीला कमी वाईट असतो म्हणतात. (कुडचडे)

खोटं आहे. डॉक्टरांना विचारा, विक्रेत्याला नको.

परवा कुत्र्याने टेबलावरचा अर्धा सिगार चघळला. आता बरा दिसतो. सिगार ठेवायची सुरक्षित जागा कोणती? (डिचोली)

आधी पशुवैद्याला फोन करा, जागेचं नंतर पाहू. सिगारमधलं निकोटिन कुत्र्याला आणि लहान मुलाला जिवावर बेतण्याइतकं विषारी ठरू शकतं. अशा वेळी दोन दिवस नाही, दोन मिनिटंही थांबायचं नसतं. मुलाच्या बाबतीत असं घडलं तर थेट इस्पितळात जा आणि उरलेला तुकडा सोबत न्या. जागा म्हणाल तर कुलपाचं कपाट, आणि किल्ली तुमच्याजवळ.