पुण्यात कॉलेजला येतोयस ना? मग एवढं ऐक

सगळं आत्ताच सांगत नाही, सुरुवातीपुरतं बघ.

- महाडीबीटीवरचा (राज्य सरकारचं ऑनलाइन पोर्टल) शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवसावर ढकलू नकोस. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला गावाहून निघतानाच आण. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात. बहुतेक पोरं इथेच फसतात.
- मेसचे पैसे महिन्याचेच भर. आमटीत पाणी कधी वाढेल सांगता येत नाही!
- जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात मिळतात. सिलॅबस बदललाय का, ते आधी बघ.

इंग्रजी अडखळतं म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसू नकोस. शंका बिनधास्त मराठीत विचार. आणि पुरुषोत्तमच्या (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) टीममध्ये बॅकस्टेजला तरी घुस. खुर्च्या उचलता उचलता जिवाभावाचे मित्र मिळतात. प्लेसमेंटचं तिसऱ्या वर्षी बोलू.