विचारा की! : घड्याळ नुसतं घालून बघितलं तर चालतं का?

प्रश्न : नवी पेठेत माझं साड्यांचं दुकान आहे. शाळेतला दोस्त पुण्याला नोकरीला असतो, नऊ वर्षांनी निवांत भेटायचं ठरलं म्हणून सकाळच्या हुतात्मानं गेलो. त्याला घड्याळांचं भारी वेड. एका मोठ्या शोरूममध्ये घेऊन गेला, तासभर सहा-सात घड्याळं हातात घालून बघितली, त्यांनी चहापाणी केलं आणि आम्ही काहीच न घेता बाहेर. मला लाज वाटली, तो म्हणतो "त्यात काय बे!" पण ओमेगाचं स्पीडमास्टर काही डोक्यातून जाईना. दोस्त म्हणतो हप्त्यावर घेऊन टाक. काय करू? आणि नुसतं बघायला जाणं बरोबर आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : साडीवाल्यानं हे विचारावं म्हणजे कमालच झाली राव. तुमच्या गादीवर बायका चाळीस-चाळीस साड्या उलगडायला लावतात, "ह्यांना घेऊन येते" म्हणून जातात आणि त्या येणार नाहीत हे तुम्हाला तेव्हाच कळलेलं असतं, तरी चहा सांगताच की नाही? तसंच आहे हे. फक्त आत गेल्या गेल्या सांगून टाकायचं, आज घेणार नाही, बघायला आलोय. आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत जायचं नाही.

मी पण माझ्या दोस्ताबरोबर असाच गेलेलो. एका दुकानात आमच्या चपला बघून पोरगा ट्रे काढायच्या आधीच किंमत सांगायला लागला, दोन मिनिटांत बाहेर पडलो. दुसरीकडं बाईंनी आधी हातातलं कडं काढायला लावलं (स्टीलवर ओरखडे उठतात, त्यामुळं कडं-अंगठी काढूनच घड्याळ घालायचं), मग दोस्तानं स्वतःचं घड्याळ काढून ट्रेवर ठेवलं तर ते एचएमटी जनता, काच पार पिवळी पडलेली. म्हटलं हे तर काकांचं. तो म्हणाला हो, जाऊन दोन वर्षं झाली. मला माहीतच नव्हतं बघा. मग कुठलं घड्याळ आणि कुठलं काय, समोरच्या टपरीवर तीन तास बसलो.

असो, तुमचं स्पीडमास्टर. १९५७ साली आलं, नासानं १९६५ मध्ये तपासून पास केलं आणि १९६९ ला चंद्रावर गेलं. तिथं उतरल्यावर ते ऑल्ड्रिनच्या हातात होतं, आर्मस्ट्राँगनं आपलं यानातच ठेवलेलं. पण दोस्तानं हे सांगितलं का, की त्या मूनवॉचला (म्हणजे चंद्रावर गेलेल्या ह्याच मॉडेलला) रोज चावी द्यावी लागते? सेल नाही, ऑटोमॅटिक (हात हलला की आपोआप चावी भरणारं) पण नाही. एकदा पूर्ण चावी दिली की आताचं मॉडेल ५० तास चालतं, आणि काही वर्षांनी सर्व्हिसिंगला द्यावं लागतं, ते काही स्वस्त नसतं. केस, म्हणजे डायलभोवतीचा पूर्ण गोल, ४२ मिलिमीटर. मनगट बारीक असेल तर पट्टा अडकतो ती टोकं मनगटाच्या बाहेर येतात का ते बघा, आणि काउंटरवरच्या छोट्या आरशात नको, लांबच्या मोठ्या आरशात, हात खाली सोडून बघा, कारण लोकांना ते तसंच दिसणार असतं. फुल बाह्यांच्या शर्टाचं बटण लावून पण बघा. मूनवॉच दोन काचांमध्ये येतं, त्यातली जुन्या पद्धतीची प्लास्टिकची काच चटकन चरे खाते पण पॉलिशनं निघतात, मला तीच आवडते.

हप्त्यावर मात्र अजिबात नको. धंद्याचा माणूस आहात, सणाचा माल भरायच्या वेळी पैसा मनगटावर अडकून पडला की दोस्त काही हप्ता भरायला येणार नाही. साठवून घेतलंत तर घ्या, माझी ना नाही (दोन लाखांच्या वर पॅन लागतं हे मी तुम्हाला काय सांगू). पण त्याआधी घरात एखादं चावीचं जुनं घड्याळ असेल तर ते महिनाभर घाला. रोज सकाळी शटर वर करायच्या आधी चावी द्यायची. आठवड्याभरातच विसरायला लागलात तर तुमचं काम सेलवाल्या घड्याळात भागतंय.

आणि त्या चहाचं फारच मनाला लागलं असेल तर पुढच्या खेपेला शोरूमवाल्यांना शेंगा चटणीचं पाकीट घेऊन जा.