हाताची थरथर थांबली, म्हणजे औषध लागू पडेनासे झाले का?

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्यात राहते, वय ५६. गेल्या पावसाळ्यात दमा बळावला तेव्हा डॉक्टरांनी साल्ब्युटामॉलचा पंप दिला. पहिले आठ-दहा दिवस पंप घेतला की हात इतका थरथरायचा, की बशीत कप वाजायचा आणि सुईत दोरा ओवता येत नसे. हल्ली दिवसातून तीन-चार वेळा पंप लागतो, पण थरथर आपोआप थांबली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, शरीराला सवय झाली, आता औषध लागू पडणार नाही. नेरुळला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा अनुभव मात्र उलटा आहे. तो रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतो. गणपतीला गावी जाताना गोळ्या घरीच राहिल्या आणि चौथ्या दिवशी त्याची छाती धडधडू लागली, दाबही एकदम चढला. या दोन्हींमागे काही एक कारण आहे का?

उत्तर : होय, कारण एकच आहे, फक्त आपल्याकडे ते एका दिशेने घडले आणि आपल्या भावाकडे दुसऱ्या दिशेने.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात येते, परंतु ज्या पेशीवर त्याला ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे ग्राही, असतात तीच पेशी त्याला प्रतिसाद देते. हे ग्राही अल्फा आणि बीटा अशा दोन जातींचे असावेत, हे रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले. पुढे बीटाचेही उपप्रकार सापडले. हृदयावर मुख्यतः बीटा-१ असतात. श्वासनलिकांभोवतीच्या आणि हातापायांच्या स्नायूंवर बीटा-२. आपला पंप बीटा-२ ला चालना देतो, म्हणून श्वासनलिका सैल होते आणि त्याच वेळी बोटेही थरथरतात.

बीटा-२ ग्राही म्हणजे ४१३ अमिनो आम्लांची, पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची साखळी. बाहेरच्या बाजूने औषध येऊन बसले की आतल्या बाजूचे जी-प्रथिन जागे होते, ते एका विकराला कामाला लावते आणि तो विकर सायक्लिक एएमपी नावाचे निरोपे रेणू मोठ्या संख्येने तयार करतो. बाहेरचा थोडासा निरोप आत असा अनेक पटींनी वाढत असल्यामुळे, त्याला वेळीच आवर घालण्याची सोयही पेशीला जवळच ठेवावी लागते.

वर्गणीच्या दिवसांत सोसायटीत सकाळपासून दाराची बेल वाजत राहिली, तर आपण आधी तिचे बटण बंद करतो, मग ती काढून कपाटात ठेवतो आणि प्रकार दिवसेंदिवस चाललाच तर भंगारवाल्याला देऊन टाकतो. पेशी याच क्रमाने वागते. औषध बसलेल्या ग्राहीच्या आतल्या शेपटीला एक विशिष्ट विकर काही सेकंदांत ते मिनिटांत फॉस्फेटचे गट चिकटवतो. त्या खुणा ओळखून बीटा-अरेस्टिन नावाचे प्रथिन तिथे येऊन बसते आणि जी-प्रथिनाची वाट अडवते. हेच अरेस्टिन पुढे ग्राहीला आवरणातल्या खळग्याकडे नेते, खळगा आत ओढला जातो आणि ग्राही पेशीच्या पोटात जातो. तिथे फॉस्फेट काढून टाकले की बरेच ग्राही पुन्हा पृष्ठभागावर परततात. मात्र औषधाचा मारा दिवसभर, रोज चालू राहिला तर ग्राही मोडीत काढले जातात, नवे घडवण्याच्या सूचनाही कमी निघतात आणि एकूण संख्याच घटते. ती भरून यायला काही दिवस लागतात. ही साखळी कडी कडीने उलगडणारे रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि त्यांचे एके काळचे सहकारी ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि शरीरक्रियाशास्त्रात इतके देखणे काम मी फार थोडे पाहिले आहे.

हाताच्या स्नायूंवर हेच घडले, म्हणून कप वाजायचा थांबला. मग श्वासनलिकेचे काय? काकूंचे म्हणणे इथे अर्धेच खरे ठरते. श्वासनलिकेच्या स्नायूंवर गरजेपेक्षा पुष्कळ जास्त बीटा-२ ग्राही असतात, त्यामुळे काही घटले तरी नलिका सैल करण्यापुरते उरतात. म्हणूनच थरथर गेली तरी आराम पडतो. परंतु रोजच्या वापराने एक गोष्ट निश्चित कमी होते. धूळ, गार हवा किंवा व्यायाम यांमुळे नलिका आवळू नये म्हणून औषध जे संरक्षण देते, ते ढिले पडते. ॲलर्जीची द्रव्ये सोडणाऱ्या मास्ट पेशी तर औषधाला फार लवकर सरावतात.

वाशीत रुग्ण तपासताना ‘पंपाची सवय लागेल’ ही भीती मला जवळजवळ रोज ऐकू येते, आणि त्या भीतीपोटी नेमका जो चालू राहायला हवा तो, सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा पंप बंद केला जातो, याचे फार वाईट वाटते. आपल्या पत्रातली काळजीची गोष्ट थरथर थांबणे ही नसून, दिवसातून तीन-चार वेळा पंप लागणे ही आहे. श्वासनलिकेच्या अस्तराची सूज आटोक्यात नाही, असा त्याचा अर्थ होतो. दम्यासाठी केवळ तात्काळ आराम देणारा पंप वापरू नये, असे दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. सोबत श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड हवेच. स्टेरॉइड सूज उतरवतेच, शिवाय पेशीला बीटा-२ ग्राही अधिक संख्येने घडवायला लावते. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा आणि पंप दिवसातून किती वेळा लागतो, तो आकडा लिहून न्या.

आता भावाविषयी. मेटोप्रोलॉल हृदयावरच्या ग्राहींवर बसून राहते आणि अ‍ॅड्रिनॅलिनला जागा देत नाही. निरोप येईनासा झाला की पेशी अधिक ग्राही पृष्ठभागावर आणते. गोळी चालू असेपर्यंत ही वाढ लक्षात येत नाही, पण गोळी अचानक सुटली की नेहमीइतकेच अ‍ॅड्रिनॅलिन वाढीव ग्राहींवर येऊन आदळते. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्यांना यातून छातीत कळ, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून ही गोळी थांबवायचीच असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. प्रवासाला निघताना एक पट्टी सामानात आणि एक खिशात, अशी सवय भावाने लावून घ्यावी.

हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांत शरीर अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याच्या भाईबंदांचा मारा सतत चालू ठेवते आणि हृदयावरचे बीटा-१ ग्राही घटत जातात. अशा काही रुग्णांना बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखे बीटा ग्राही अडवणारे औषध, अगदी लहान मात्रेपासून, हळूहळू वाढवत देतात आणि त्याने आयुष्य वाढते. पूर्वी हेच औषध अशा रुग्णांना निषिद्ध मानले जात असे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. छाती धडधडते म्हणून भावाची गोळी आपण कधीही घेऊ नका. मेटोप्रोलॉल प्रामुख्याने बीटा-१ अडवत असले, तरी ते बीटा-२ ला पूर्णपणे मोकळे सोडत नाही. त्याच जातीचे प्रोप्रॅनोलॉल तर दोन्ही अडवते. आपल्या पंपाला ज्या ग्राहींवर काम करायचे आहे, तीच जागा ही गोळी आधी बळकावून बसेल आणि दम्याचा झटका आला तर पंप हातात असूनही पुरेसा आराम पडेलच असे नाही.